एका खेपेची दाढ

आमच्या घरात कोण कोणत्या बाजूनं चावतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिजी, म्हणजे आमची आजी, डावीकडून चावायची. मोठी काकू उजवीकडून, तेही भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी आधी बारीक करून. बापू, म्हणजे माझे वडील, कुठूनही चावत, पण माठातलं पाणी पिताना मान एका अंगाला कलती करत, म्हणजे गार पाणी त्या एका दाढेला लागू नये. आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, तोंडात कवळी असली तर ते कडक भाकरीही खात. नसली तर दुधात कुस्करून. माझी आई कोणत्या बाजूनं चावायची ते मात्र मला सांगता येत नाही. ती आमच्या पंगतीला कधी बसलीच नाही. सगळ्यांचं झाल्यावर चुलीकडं तोंड करून जेवायची. आम्हाला तिची पाठ दिसायची.

हे मी एकटी आठवत नाही. आम्ही नऊ भावंडं, तीन चुलत घरांची, पण एका चुलीवर वाढलेली. मी परभणीला असते, धाकटी नांदेडला, कुणी पुण्याला, एक भाऊ पार भिलाईला. थोरला दादा मात्र अजून कनेरगाव नाक्यालाच शेती करतो. रविवारी रात्री सगळ्यांचं फोनवर बोलणं होतं. गेल्या पावसाळ्यात दादा सहज बोलून गेला, "तुमच्या वैनीच्या दोन दाढा गेल्यात. एकदा नेतो न् काढून आणतो." त्यावर भिलाईचा भाऊ म्हणाला, "काढायच्याच कशाला? वाचत असतील तर?" आणि फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. आमच्या घरात हा प्रश्न याआधी कुणी विचारलेलाच नव्हता. त्या रात्रीपासून दर रविवारी आम्ही आमच्या घरातले दात आठवत बसतो.

कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावर. नावातला नाका जुना. पलीकडं इंग्रजांचं वऱ्हाड, अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. आबा सांगायचे, करोडगिरीचे शिपाई बैलगाडीतलं पोतं न् पोतं चाचपायचे. वाशीमच्या बाजारात कलदार रुपया चालायचा आणि आपल्या कनवटीला हाली शिक्का असायचा. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं, १९६० मध्ये दोन्ही बाजू एका महाराष्ट्रात आल्या, तरी आमच्यासाठी ती सरहद्द कामांच्या वाटणीत राहिली. वाशीम जवळ, हिंगोली त्याहून लांब. म्हणून दुखणं घेऊन माणूस वाशीमला जायचा आणि कागद घेऊन हिंगोलीला, परभणीला. आमच्या लहानपणी वाशीम अकोला जिल्ह्यात होतं आणि आम्ही परभणी जिल्ह्यात. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला. तोवर आमच्यातले बहुतेक जण गावाबाहेर पडलेले होते.

वाशीमला जायचं तर एसटी, नाहीतर मीटरगेजची गाडी. पैनगंगेला पाणी आलं की रस्त्याचा भरवसा नसे. खेप हा शब्द आमच्या घरात वजनाचा होता. पाण्याची खेप, कडब्याची खेप, दवाखान्याची खेप. एका खेपेत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं: बियाणं, आबांचा चष्मा, लग्नाचा बस्ता, आणि कुणाची दाढ ठणकत असेल तर तीही. त्यामुळं दात काढायचा की राखायचा, हे आमच्याकडं कधी दाताकडं बघून ठरलंच नाही. काढायला एक खेप लागते. वाचवायला तीन-चार लागतात. बाकीचं सगळं या हिशेबात आपोआप ठरून जायचं.

सकाळी ओसरीच्या पायरीवर सगळ्यांचे दात घासणं चालायचं. बापूंच्या तोंडात लिंबाची काडी, आबांची कवळी पितळी वाटीत. आम्हा पोरांना गोवरीची राखुंडी, मीठ घालून. पुढं कधीतरी माकडछाप काळ्या दंतमंजनाची डबी आली. तोंडभर काळा फेस करून आम्ही एकमेकांना जिभा दाखवायचो आणि आई ओरडायची, "थुंका आता, शाळा हाय." बाया मात्र पायरीवर नसायच्या. त्या परसात, न्हाणीच्या आडोशाला, मिसरी लावत बसायच्या. तव्यावर तंबाखू करपवण्याचा तो वास आम्हा नऊही जणांना आजही डोळे मिटले की येतो. जिजीच्या उजव्या हाताचं पहिलं बोट काळं होतं ते शेवटपर्यंत काळंच राहिलं.

मिसरीनं काय होतं ते आता मला माहीत आहे. तंबाखूनं हिरड्या दाताला सोडतात, मुळं उघडी पडतात, गालाच्या आत पांढरे चट्टे उठतात, आणि पुढं त्याहून वाईटही होतं. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यापर्यंत ती बंदी कशी पोचणार? तरी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. दिवसभरात आमच्या घरातल्या तीन बाया एकत्र, हात रिकामे ठेवून, जमिनीला टेकून बसलेल्या मी फक्त मिसरीच्या वेळी बघितल्या. त्या वेळात त्यांना कुणी हाक मारत नसे. त्यांच्या दातांचं वाटोळं त्या एवढ्याशा विसाव्यात झालं, हे मला आजही सहन होत नाही.

दाढ ठणकायची ती रात्री. जिजी अशा रात्री आडवी व्हायची नाही, भिंतीला पाठ लावून बसून राहायची. आडवं झालं की डोक्याकडं रक्ताचा जोर वाढतो, दाताच्या आतल्या बंद जागेत त्याला वाव नसतो आणि ठणका दुप्पट होतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते कळलं होतं. दाढेत लवंग दाबलेली. कधी तुरटीच्या पाण्याची चूळ, कधी तंबाखूचीच चिमूट. धाकट्या भावाची मुलगी आमच्या घरातली पहिली बीडीएस. औरंगाबादच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकली आणि आता हिंगोलीत दवाखाना चालवते. तिच्या दवाखान्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला एकदम जिजीच्या अंथरुणाचा वास आला. विचारलं तर म्हणाली, "आत्या, लवंगेच्या तेलातलंच द्रव्य ते. तात्पुरतं सिमेंट भरतो ना, त्यात असतं." जिजीच्या हाताशी औषध बरोबर होतं, त्याच्या पुढचं काही नव्हतं.

आणि मग एखाद्या दिवशी ठणका आपोआप थांबायचा. जिजी म्हणायची, "मेली माय एकदाची दाढ, सुटले." सगळ्या घराला हायसं वाटायचं. दाढ मेली हे अगदी खरं असायचं, सुटले हे खोटं. आतली नस मेली की दुखायला काही उरत नाही, पण कीड खाली मुळाच्या टोकापर्यंत जाते, हाडात घर करते. चार-सहा महिन्यांनी गाल सुजायचा. तेव्हा त्या सुजेचं आणि त्या मेलेल्या दाढेचं नातं आमच्याकडं कुणाच्या लक्षात यायचं नाही. वारं लागलं म्हणायचे, हळद गरम करून लावायचे.

मोठ्या काकूची दाढ अशीच पंधरा दिवस ठणकत होती तेव्हा बाजाराच्या दिवशी येणारी एक म्हातारी घरी बोलावली. तिच्या झोळीत रिंगणीचं वाळलेलं बी होतं. तिनं लोखंडी पळी लाल होईस्तोवर तापवली, त्यावर बी टाकलं, तेलाचा थेंब सोडला. भसाभस धूर निघाला. त्यावर बूड फुटलेलं गाडगं पालथं घालून काकूला म्हणाली, "आऽ कर बाई, धूर दाढेला लागू दे." काकूच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी, तोंडातून लाळ. सगळी लाळ समोरच्या पाण्याच्या परातीत पडत होती. आम्ही नऊ जण परातीभोवती उकिडवे. म्हातारीनं पळी परातीतच विझवली, बोटानं पाणी ढवळलं आणि खरोखर पांढऱ्या दोऱ्यासारखे किडे तरंगताना दिसले. मी सात मोजले, पुण्याचा भाऊ आजही अकरा होते म्हणतो. म्हातारीला पायलीभर ज्वारी मिळाली. काकू त्या रात्री झोपली, आणि पुढं आठ-दहा दिवस तिला बरं वाटलं.

ते किडे नव्हते. तापलेल्या पळीवर रिंगणीचं बी फुटतं आणि आतला कोंब बाहेर पडतो. पाण्यात तो अळीसारखा दिसतो. दाढेत किडा असा नसतोच. डोळ्यांना न दिसणारे जंतू गोडधोडाचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. परदेशातही लोक अशाच दुसऱ्या एका झाडाच्या बियांचा धूर घेत आणि अशाच अळ्या बघत आले होते. हे सगळं समजल्यावरही काकूला बरं वाटलं होतं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. शेकानं वाटलं असेल. किंवा तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी अर्धा तास फक्त तिच्या तोंडाकडं बघत होतं, त्यानं वाटलं असेल.

आबांच्या कवळीची गोष्ट आमच्या जन्माआधीची, पण ती आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की बघितल्यासारखीच आहे. आबांचे गुडघे धरले होते. कुणा डॉक्टरनं सांगितलं, विष दातांत आहे, तिथून सांध्यांत उतरतं. हा काही त्या डॉक्टरच्या मनचा शोध नव्हता. १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं कॅनडात माँट्रियलला दिलेल्या भाषणानंतर हा विचार जगभर पसरला आणि पुढची कित्येक वर्षं युरोप-अमेरिकेत सांधेदुखीपासून वेडापर्यंत कशासाठीही माणसांचे चांगले दात उपटले गेले. दात काढूनही दुखणी जात नाहीत हे दिसत गेलं तसा तो मागं पडला. आमच्याकडं त्याची पाळी उशिरा आली असावी. आबांचे सगळे दात काढले. गुडघे होते तसेच राहिले.

मग अकोल्याहून कवळी करायची ठरली. एक खेप मापाला. दुसरी, मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायला. तिसरी, पक्की कवळी आणायला. चौथी, डावीकडं टोचते म्हणून घासून घ्यायला. हे आबा मोठ्या अभिमानानं सांगायचे, रेल्वेत कोण भेटलं, कुठं जेवले, सगळं तपशिलानं. आम्हीही ते पराक्रमासारखं ऐकायचो. गेल्या श्रावणात फोनवर ही गोष्ट पुन्हा निघाली तेव्हा नांदेडची धाकटी मध्येच म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात चार खेपा होत्या." बस, एवढंच म्हणाली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

कारण जिजी. तिची वरची डावीकडून दुसरी दाढ मी बघत होते तेव्हापासून काळी होती. म्हणजे ती चावायची ती बाजूही तिची चांगली बाजू नव्हती, कमी वाईट होती. वरची दाढ काढली की डोळा जातो, असं सगळं गाव मानायचं, अजूनही मानतं. दातांची नस वेगळी, नजरेची नस वेगळी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. पण त्या समजुतीमुळं जिजीची ती दाढ कुणी काढली नाही, आणि वाचवायची तर गोष्टच नव्हती. वर्षातून दोनदा गाल सुजायचा, हिरडीतून पू वाहून जायचा, ती चूळ भरून पुन्हा कामाला लागायची. दातांच्या कण्या होईस्तोवर सांगितलं, असं आपण म्हणतो. जिजीनं तोंडातून एक शब्द न काढता तिच्या दातांच्या कण्या झाल्या. शेवटी शेवटी हलणारे दात ती स्वतःच बोटानं काढायची, तुळशीच्या मातीत पुरायची आणि अंबाडीच्या भाजीबरोबर ज्वारीच्या मऊ कण्या खायची. तिला अकोल्याला न्यावं असं आबांना वाटलं नाही, तिच्या लेकांना वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मोठे झाल्यावर आम्हा नातवंडांनाही वाटलं नाही. १९८९ मध्ये ती गेली तेव्हा आमच्यातले चौघं कमावते होते.

माझी स्वतःची दाढ गेली ती दुष्काळाच्या वर्षी. १९७२ चा दुष्काळ, मी नऊ वर्षांची. विहिरीनं तळ दाखवला होता, घरातली सगळी मोठी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. रेशनवर लाल मिलो, कामावर पोरांना सुकडी. त्या सुकडीचा गोडवा आणि चिकटपणा माझ्या जिभेवर अजून आहे. ती दाढेच्या खड्ड्यात भरून बसायची आणि मी जिभेनं उकरत राहायची. मग ठणका सुरू झाला. तीन रात्री आईनं मला मांडीवर घेऊन बसून काढल्या. चौथ्या दिवशी बापूंनी कामावर खाडा केला आणि मला एसटीनं वाशीमला नेलं. दिवसाची मजुरी बुडाली, वर तिकिटं. एवढं त्यांनी माझ्यासाठी केलं, हे मी विसरणार नाही.

दवाखाना म्हणजे रस्त्यावरची एक खोली, पाटी, उंच खुर्ची. तिथल्या गृहस्थांनी बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि म्हणाले, "लहान आहे, दुधाची दाढ आहे. काढून टाकू, नवीन येईल." सुई टोचली, गाल जड झाला, मग कवटी फुटल्यासारखा आवाज. बापूंनी माझे दोन्ही हात धरले होते. त्यांचा अंगठा खडीच्या हातोड्यानं फुटलेला होता, तो माझ्या मनगटाला खरखरत होता. कागदाच्या पुडीत दाढ मिळाली. घरी आल्यावर ती माळवदावर फेकली आणि उंदराकडं नवी मागून घेतली.

मी वाट बघत राहिले. दहाव्या वर्षी जीभ तिथं जायची, तेराव्या वर्षी जायची. सोळाव्या वर्षी मी वाट बघणं सोडलं असेन.

ती दाढ दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागं एक दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही, आणि तोंडात बाकी सगळे दुधाचे असल्यामुळं तीही दुधाचीच वाटते. पण ती पक्की असते, आयुष्याला एकदाच मिळते आणि चावण्याचा सर्वांत मोठा भार तीच घेते. हे मला पुतणीनं पन्नाशीनंतर एक्स-रे समोर धरून सांगितलं. रिकाम्या जागेकडं माझी मागची दाढ वाकून आली आहे, वरची दाढ खाली उतरली आहे. एक दात गेला की शेजारचे आपली जागा सोडतात. मीही जिजीसारखी डावीकडून चावते.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. त्यात नोंदणीचे दोन भाग होते, एकात पदवीवाले आणि दुसऱ्यात पदवी नसलेले पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर जगत असलेले. गावोगावच्या पाट्यांमागं कोण कोणत्या भागातला, हे खडी फोडणाऱ्या बापाला कुठून कळणार? मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ पासून होतं, नागपूरला सरकारी महाविद्यालय १९६८ मध्ये निघालं, पण आमच्या मराठवाड्यात औरंगाबादचं निघालं ते १९८२ मध्ये. आणि समजा, त्या दिवशी कुणी सांगितलं असतं की ही दाढ राखता येईल, चार वेळा यावं लागेल, तर बापूंनी काय केलं असतं? चार दिवसांची मजुरी. दुष्काळात. मी वडिलांच्या जागी उभी राहून बघते तेव्हा मलाही एकच खेप दिसते.

घरात पहिली दाढ वाचली ती नांदेडच्या धाकटीची, १९९६ मध्ये. तिचे यजमान बँकेत, दवाखाना घरापासून चालत जाण्याएवढा. दिवाळीला माहेरी आली तेव्हा दाढेवर रुपेरी टोपी. सगळ्यांनी तोंड उघडायला लावून बघितलं. तिनं आईला समजावलं की आतली नस काढून टाकतात, मुळांच्या नळ्या सुयांनी साफ करतात आणि त्यांत रबरासारखा एक चीक भरून बंद करतात. गटापर्चा म्हणतात त्याला, मलायाकडच्या झाडाचा असतो. आईनं ओल्या हाताचं बोट पदराला पुसलं, हलकेच त्या टोपीला लावलं आणि विचारलं, "म्हणजे आत दाढ तुझीच हाय ना?" "माझीच." "मग बरं हाय." आईच्या स्वतःच्या तोंडात तेव्हा सात-आठ दात उरले होते. माझं बघा असं ती म्हणाली नाही. तिचं बघू असं आम्हीही म्हणालो नाही. धाकटी हे फोनवर सांगताना रडली, आणि दादा बराच वेळ नुसता हुंकार देत राहिला.

तर वहिनी. ती चौसष्ट वर्षांची आहे, चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या घरात आहे, आणि तिच्या दाढांबद्दल आम्ही नऊ जणांनी महिनाभर फोनवर वाद घातला तेव्हा तिला कुणी फोन दिला नव्हता. शेवटी तिनंच घेतला. "काय चाललंय तुमचं? दोन्ही काढून टाकते, एका खेपेत मोकळी होते. आता माझे किती दिवस राहिले?" मी म्हटलं, "वहिनी, काढायच्या तर काढू. पण आधी पोरीला बघू दे."

मी परभणीहून पूर्ण्यामार्गे हिंगोली डेक्कनला उतरले. २००८ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला, आता गाडीत बसल्यावर पूर्वीसारखं अंग हिंदकळत नाही. वहिनी कनेरगावाहून एसटीनं आली. पुतणीनं एक्स-रे काढले, हिरडी आणि दात यांमध्ये बारीक सळई घालून बघितलं, टिचक्या मारून बघितल्या. मग वहिनीसमोरच बसून बोलली. मला तिचं ते वहिनीकडं बघून बोलणं फार आवडलं. "मोठीआई, डावीकडची खालची दाढ उभी चिरलीय, चीर मुळात गेलीय. ती ठेवली तर पू ठेवल्यासारखं होईल. ती काढू. उजवीकडची वेगळी आहे. नस मेलीय, खड्डा मोठा आहे, पण मुळं घट्ट आहेत आणि हिरडीच्या वर चहूबाजूंनी दोनेक मिलिमीटर चांगली भिंत शिल्लक आहे. टोपीला धरायला तेवढं पुरतं. ती राहील."

भिलाईच्या भावाला हे पटायला वेळ लागला. त्याला दोन्ही वाचवायच्या होत्या. जिजीचं, आईचं सगळं देणं त्याला वहिनीच्या त्या चिरलेल्या दाढेत फेडायचं होतं, हे मला कळत होतं. पुतणी त्याच्याशी अर्धा तास बोलली. जी राहण्यासारखी नाही ती कितीही माया लावून ठेवली तरी तिच्याखालचं हाड झिजत जातं, आणि मग पुढं तिथं दुसरा दात बसवायलाही जागा उरत नाही.

वहिनीचा मुद्दा निराळा होता. वाचवायला काढण्याच्या कितीतरी पट पैसे लागतात, आणि चार खेपा. आम्ही पैसे गोळा करतो म्हटल्यावर ती चिडली. "मला वर्गणीची दाढ नको. बचत गटात माझे पैसे हायेत." मग जरा थांबून म्हणाली, "पण चार वेळा कोण सोडतं मला घरातून? गुरं हायेत, सोयाबीन हाय." पुतणीनं वाद घातला नाही. तिनं विचारलं, "हुरडा कोणत्या बाजूनं खातेस, मोठीआई?"

वहिनी गप्प झाली. मग म्हणाली, "दोन वर्षं झाली, भाजून देते सगळ्यांना. खात नाही."

पहिल्या खेपेला उजवी दाढ उघडून साफ केली. दुसऱ्या खेपेला तिच्यात भरून झालं आणि डावी काढली. कापूस दाबून वहिनी माझ्याशेजारी बसस्थानकावर बसली होती. थुंकायचं नाही, कढत काही नाही, मिसरी तर अजिबात नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ती मान डोलावत होती. काढलेली दाढ तिनं मागून घेतली होती. पुडी उघडून मला चीर दाखवली. नखानंही लागत होती ती, वरपासून मुळापर्यंत.

परवा दादाकडं गेले होते. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, खताच्या गोण्या, संकष्टी, कुणाकुणाची लग्नं. त्यातच चार तारखांभोवती निळ्या पेनानं गोल केलेले, आणि आत वहिनीच्या अक्षरात 'दाढ'. दोन गोलांवर काट मारली आहे. तिसरा येत्या गुरुवारचा. त्याच दिवशी सोयाबीनची मळणी ठरली होती. दादानं मळणीवाल्याला शुक्रवारी ये म्हणून सांगितलंय.